कबालाचा अभ्यास आणि गटातलं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कबाला म्हणजे नेमकं काय?

सृष्टी कशासाठी निर्माण झाली, निर्माता आणि निर्मिती यांच्यात अंतर का पडलं आणि ते अंतर माणसाला कसं मिटवता येईल, या प्रश्नांभोवती उभी राहिलेली ज्यू परंपरेतली विद्या म्हणजे कबाला. तिचा मुख्य ग्रंथ झोहर. तो तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कास्तिल प्रांतात मोशे दे लेओन यांच्यामार्फत लोकांसमोर आला. परंपरा त्याचं कर्तृत्व दुसऱ्या शतकातल्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) शिमोन बार योखाई यांना देते, तर विद्यापीठांतले अभ्यासक बहुतांशी दे लेओन आणि त्यांच्या वर्तुळाला. पुढे सोळाव्या शतकात गालीलमधल्या त्स्फात गावी रब्बी यित्झाक लुरिया (१५३४ ते १५७२), म्हणजे ‘आरी’, यांनी या विद्येला आजची मांडणी दिली. त्यांनी स्वतः फारच थोडं लिहिलं. त्यांची शिकवण टिकली ती शिष्य खायिम विताल यांच्या लेखणीमुळे.

इथली उत्तरं मुख्यतः विसाव्या शतकातल्या एका प्रवाहाला धरून आहेत: रब्बी येहुदा आश्लाग (मृत्यू १९५४) आणि त्यांचे पुत्र बारुख आश्लाग (१९०७ ते १९९१). पहिल्यांना ‘बाल हासुलाम’ म्हणतात, दुसऱ्यांना ‘रबाश’. अहंकाराकडून परार्थाकडे जाणं आणि तेही गटात राहून, हा विषय सगळ्यात तपशिलाने या दोघांनी मांडला आहे.

कबालात अहंकार कशाला म्हणतात? गर्वाला?

नाही. गर्व हे त्याचं एक छोटं पिल्लू. आश्लाग यांच्या मते सृष्टीत निर्माण झालेली गोष्ट एकच, ती म्हणजे ‘घेण्याची इच्छा’. भूक, झोप, मान, सत्ता, ज्ञान, अध्यात्माची ओढ ही सगळी त्याच इच्छेची रूपं. इच्छा स्वतः वाईट नाही. ती नसती तर घेणाराच नसता. अडचण येते हेतूपाशी. ‘मला मिळावं, माझ्यासाठी मिळावं’ हा हेतू तिला चिकटला की तो अहंकार.

ही इच्छा एका झटक्यात तयार झाली नाही, असं हे शास्त्र सांगतं. एक मूळ आणि चार टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात ती नुसती घेते. दुसऱ्यात तिला देणाऱ्यासारखं व्हावंसं वाटतं आणि ती घेणं थांबवते. तिसऱ्यात ती थोडं घेऊन बाकी देऊ बघते. चौथ्यात तिला सगळं स्वतःलाच हवं असतं, आणि ते हवंय याची तिला जाणीवही असते. माणूस ज्याला ‘मी’ म्हणतो तो हा चौथा टप्पा, सेफिरोतांच्या, म्हणजे देवाच्या प्रकाशाच्या दहा गुणांच्या, भाषेत मालखूत (दहावी, शेवटची सेफिरा).

म्हणजे इच्छा मारायची का?

मारायची नाही. नव्या विद्यार्थ्यांची इथे हटकून गल्लत होते. कमी खाणं, कमी बोलणं, कमी हवं असणं म्हणजे प्रगती, असं धरून ते सहा महिन्यांत सुकून जातात. या मार्गात इच्छा वाढतच जाते, वाढायलाच हवी. बदलायचा आहे तो तिचा हेतू.

हे समजवायला आश्लाग परंपरेत पाहुणा आणि यजमान यांचं उदाहरण देतात. पाहुण्यासमोर त्याच्या आवडीचं ताट वाढलंय, पोटात कडकडून भूक आहे. पण यजमान देणारा आणि आपण घेणारे, या जाणिवेने त्याला ओशाळल्यासारखं होतं आणि तो ‘नको’ म्हणतो. हा नकार म्हणजे त्सिमत्सुम, आकुंचन. यजमान आग्रह करतो: ‘तुमच्यासाठीच केलंय, तुम्ही जेवलात तर मला बरं वाटेल.’ आता पाहुण्याला हिशेब करावा लागतो. ताटातलं किती मी निव्वळ यजमानाच्या आनंदासाठी खाऊ शकतो? समजा, पाचवा हिस्सा. त्याच्या पलीकडे गेलो तर चवीच्या नादात यजमान विसरला जाईल. म्हणून तो पाचवा हिस्साच घेतो आणि बाकीचं बाजूला सारतो. हा हिशेब करणारी ताकद म्हणजे मासाख, पडदा. ‘मी तुझ्यासाठी जेवतोय’ हा उलट जाणारा हेतू म्हणजे ओर खोझेर, परतणारा प्रकाश.

पाहुणा उपाशी राहिला नाही, भूकही गेली नाही. आता तो जेवतोय, पण त्याचं जेवणं हेच देणं झालं आहे. परार्थ म्हणतात तो हा.

मग दानधर्म, सेवा, मदत याला परार्थ म्हणायचं नाही का?

समाजासाठी ते चांगलंच आहे, जरूर करावं. पण कबालाच्या मापाने मदत करताना ‘लोक काय म्हणतील’, ‘मला बरं वाटेल’, ‘पुढे कामाला येईल’ यातलं काहीही असलं तर हेतू अजून घेण्याचाच आहे. याला ‘लो लिश्मा’ म्हणतात, म्हणजे ‘त्याच्या नावासाठी नसलेलं’. तालमूद (रब्बींच्या चर्चांचा प्राचीन ग्रंथ) सांगतो की माणसाने लो लिश्मा का होईना, तोरात, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या अभ्यासात, रमावं, कारण त्यातूनच तो लिश्मापर्यंत येतो. तेव्हा आपला हेतू शुद्ध नाही म्हणून काम थांबवायचं नाही. फक्त तो शुद्ध आहे असं स्वतःला पटवायचंही नाही.

चाळीस वर्षांचं व्हायच्या आत शिकू नये म्हणतात. खरं का?

अट खरी, पण तिला इतिहास आहे. सतराव्या शतकात रब्बी शब्ताई हाकोहेन यांनी शुल्खान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथावरच्या आपल्या टीकेत चाळीस वर्षांच्या मर्यादेचा उल्लेख केला. त्याच काळात शब्ताई त्स्वीने स्वतःला मसीहा (ज्यू लोक वाट पाहत असलेला तारणहार) म्हणवून घेतलं आणि १६६६ मध्ये इस्लाम स्वीकारला. लाखो लोकांची निराशा झाली. पुढे शब्ताईचाच वारसा सांगणाऱ्या याकोब फ्रांकच्या पंथामुळे आणखी गोंधळ झाला, आणि १७५६ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या ब्रोडी इथे रब्बींनी झोहरसाठी तीस आणि आरींच्या लिखाणासाठी चाळीस वर्षांची मर्यादा घातली. आग लागल्यावर घातलेलं कुंपण होतं ते. आरी स्वतः ३८ व्या वर्षी गेले आणि रब्बी मोशे खायिम लुझातो ३९ व्या, एवढं लक्षात घेतलं तरी ही अट सर्वांना, सर्वकाळ लागू नव्हती हे कळतं. रब्बी अब्राहम आझुलाई यांनी तर १५४० नंतरच्या काळात लहानथोर सर्वांनी ही विद्या शिकावी अशी बाजू मांडली होती.

वयापेक्षा महत्त्वाचं हे की आयुष्य सुरळीत ठेवता येतंय का. झोप, काम, घर सांभाळणारा पंचविशीतला माणूस चालतो. पन्नाशीतला, पण गोष्टी अर्ध्यावर सोडणारा अडखळतो.

ज्यू असणं गरजेचं आहे का? हिब्रू यायला हवी का?

याला एकच उत्तर नाही. पारंपरिक रब्बी कबालाला तोरा आणि मित्स्वा (धार्मिक आज्ञा) यांच्या पालनापासून वेगळं करत नाहीत. त्यांच्या वर्गात बाहेरच्याला सहसा जागा नसते. आश्लाग परंपरेतही असे पारंपरिक गट आहेत, आणि सर्वांसाठी खुले गटही आहेत. तुम्ही ज्याच्याकडे शिकायला जाताय तो कोणत्या बाजूचा, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. ही विद्या ज्यू लोकांच्या घरातली आहे. पाहुणा म्हणून आलात तर पादत्राणं कुठे काढायची ते विचारण्यात कमीपणा नाही.

हिब्रू सुरुवातीला नको. मात्र तीसेक संज्ञा मूळ रूपातच पाठ कराव्या लागतात: सेफिरा, केली (पात्र), ओर (प्रकाश), मासाख, त्सिमत्सुम, पार्त्सूफ (दहा सेफिरोतांची पूर्ण रचना), रेशिमो (मागे उरलेला ठसा) वगैरे. त्यांचं भाषांतर करून वापरलं की वर्षभरात सगळे आपापला अर्थ घेऊन बसतात आणि गटात भलतेच वाद सुरू होतात.

कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करावी?

झोहरपासून नाही. एवढं एक पाळलं तरी पुष्कळ मनस्ताप वाचेल.

आश्लाग यांच्या लेखांपासून सुरुवात करा. ‘मतान तोरा’, ‘अरवुत’ आणि ‘हाशालोम’ हे १९३३ च्या सुमाराचे लेख सोप्या भाषेत आहेत. महिन्याला एक लेख, दोनदा वाचून, हा वेग पुरे. त्यानंतर दहा सेफिरोतांच्या अभ्यासाची प्रस्तावना. तिचे १५६ परिच्छेद आहेत आणि हेतूच्या प्रश्नावर त्याहून नेमकं लिखाण सापडणं कठीण. मग ‘कबाला विद्येचा प्रवेश’, ज्यात चार टप्पे, पडदा आणि पाच पार्त्सूफ क्रमाने येतात. तो कागद-पेन्सिल घेऊन, आकृत्या काढत वाचायचा.

‘तालमूद एसेर सेफिरोत’, म्हणजे ‘दहा सेफिरोतांचा अभ्यास’ हा मूळ ग्रंथ, याच्या पुढचा. सहा खंड, सोळा भाग, दोन हजारांवर पानं. प्रत्येक भागात आरींचा मूळ मजकूर, त्याखाली आश्लाग यांचं ‘आतला प्रकाश’ हे भाष्य, मग ‘अंतर्निरीक्षण’, आणि शेवटी संज्ञा व विषयांची प्रश्नोत्तरं. ती प्रश्नोत्तरं वगळू नका. तीच तुमची परीक्षा: प्रश्न वाचा, पुस्तक मिटा, उत्तर लिहा, मग ताडून बघा. पहिल्या भागातले संज्ञांचे प्रश्न न अडखळता येईपर्यंत दुसऱ्या भागाकडे जाऊ नये, असं आमचं मत.

झोहर सुलाम भाष्यासह वाचावा. हे भाष्य आश्लाग यांनी १९४३ ते १९५३ या काळात लिहिलं, आणि अरामी मजकुराचं हिब्रू भाषांतरही त्यातच आहे.

झोहर थेट वाचला तर काय बिघडतं?

जग कोसळत नाही. पण झोहर प्रवास, गुहा, पक्षी, राजे, स्त्री-पुरुष यांच्या भाषेत बोलतो. सेफिरोत आणि पडदा यांची कल्पना नसेल तर वाचणारा या सगळ्याची डोळ्यांसमोर चित्रं उभी करतो आणि त्या चित्रांनाच अनुभव समजू लागतो. ही सवय एकदा लागली की सुटायला फार वेळ लागतो.

समजत नसताना वाचून काय उपयोग?

आश्लाग यांनी वर सांगितलेल्या प्रस्तावनेच्या १५५ व्या परिच्छेदात याचं उत्तर दिलंय. ज्या गोष्टी वाचतोय त्या कळाव्यात, आपल्यात उतराव्यात अशी तीव्र ओढ असेल, तर त्या अवस्थेशी जोडलेला ‘भोवतालचा प्रकाश’ माणसावर काम करतो. बुद्धीने पकडलं किती, यापेक्षा ओढ कशाची आहे हे इथे मोजलं जातं.

याचा गैरफायदाही घेतला जातो. ‘समजायची गरजच नाही, नुसतं बसा’ असं सांगणारे भेटतात. परिच्छेद नीट वाचला तर तिथे कळण्याची इच्छा ही अट आहे. डोकं बाजूला ठेवून बसणाऱ्याकडे ती नसते.

रोज किती वेळ द्यावा?

पहिलं वर्षभर रोज ३० ते ४५ मिनिटं, आणि आठवड्यातून एकदा गटाची बैठक. रविवारी चार तास आणि बाकी आठवडा कोरडा, हे चालत नाही. हेतू दोन दिवसांत विरून जातो. पहाटेच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे, पण झोपेतून तास चोरून पहाटेला बसणारा माणूस तीन आठवड्यांत घरच्यांवर खेकसायला लागतो. आधी रात्री लवकर झोपायला लागा, मगच पहाटेचा विचार करा.

वाचायच्या आधी दोन मिनिटं थांबून ‘मी हे कशासाठी वाचतोय’ एवढं मनाशी विचारा. उत्तर ‘हुशार दिसायला’ असं आलं तरी चालेल. विचारणं सोडायचं नाही.

एकट्याने घरी बसून होणार नाही का?

संज्ञा आणि आकृत्या एकट्यालाही येतील. हेतू बदलणं मात्र एकट्याच्या आवाक्यातलं नाही, आणि याला कारण आहे. देव दिसत नाही, आपल्याला उत्तर देत नाही, त्यामुळे ‘मी त्याच्यावर प्रेम करतो’ असं स्वतःला सांगत राहणं अगदी सोपं जातं. समोरचा माणूस मात्र उशिरा येतो, मध्येच बोलतो, आपलं वाक्य ढापतो. त्याच्याशी वागताना ‘घेण्याची इच्छा’ उघडी पडते. रब्बी अकिवा ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर’ याला तोराचा मोठा नियम म्हणतात, तो याच अर्थाने इथे घेतला जातो.

दुसरं कारण ‘मतान तोरा’ आणि ‘अरवुत’ या लेखांत आहे. माणूस स्वतःची काळजी का करतो? कारण त्याची काळजी दुसरं कुणी करणार नाही याची त्याला खात्री असते. आश्लाग म्हणतात, तोरा स्वीकारताना सिनाय पर्वतापाशी उभ्या असलेल्या सहा लाख इस्रायलींपैकी प्रत्येकाने जर बाकीच्यांच्या गरजांची हमी घेतली, तर एकेकाच्या पाठीशी सहा लाख लोक उभे राहतात. मग स्वतःची चिंता उरत नाही आणि देणं शक्य होतं. ही परस्परहमी म्हणजे अरवुत. एकाने सुरू करून भागत नाही. बाकीच्यांनी हमी दिली नाही तर ज्याने स्वतःची काळजी सोडली तो फक्त लुबाडला जातो. गटाचं सगळं काम या एका तर्कावर उभं आहे.

गट किती जणांचा असावा?

दहा हा परंपरेतला आकडा. दहा जण जमले की तिथे शेखिना, म्हणजे देवाचं सान्निध्य, वास करते, असं तालमूद म्हणतो. व्यवहारातही तो बसतो: दहा जणांची बोलण्याची फेरी वीस मिनिटांत होते, दोघंतिघं गैरहजर असले तरी बैठक कोसळत नाही, आणि कुणी मागे लपू शकत नाही. पाचपेक्षा कमी असतील तर तो मित्रांचा कट्टा होतो. पंधरावर गेलात तर दोन गट करा, आणि ते करताना जवळचे मित्र वेगवेगळ्या गटांत जातील असं बघा.

बैठक कशी चालवायची?

रबाश यांनी १९८४ पासून गटाविषयी लेख लिहिले. ते वाचून बहुतेक गट साधारण सारखाच क्रम धरतात. सव्वा तासाची बैठक अशी लागते.

सुरुवातीची दहा मिनिटं ध्येयाचं आणि गटाचं मोल वाढवण्यासाठी. एक-दोघे आधी तयारी करून येतात आणि गट एकत्र का आला याची आठवण देतात. इथे तक्रारी, हिशेब, घोषणा काही नको. रबाश यांचा आग्रह असा की बैठकीच्या आरंभी गटाची महती गायली जावी. ज्या गोष्टीला मोल नाही तिच्यासाठी माणूस स्वतःचं काही सोडत नाही. ही दहा मिनिटं बहुतेक गट पहिल्या सहा महिन्यांतच गाळून टाकतात, ‘ते तर सगळ्यांना माहीतच आहे’ म्हणून. तिथून पुढे बैठक वाचनमंडळ होते.

मग तीस मिनिटं मजकूर. एक-दोन पानं, जास्त नाही. आळीपाळीने मोठ्याने वाचा, प्रत्येक परिच्छेदानंतर थांबा. अडलेली संज्ञा फळ्यावर लिहा. कुणाला पाठ असेल तर त्याने एका वाक्यात सांगावी. व्याख्यान देऊ नये.

नंतर फेरी, वीस-पंचवीस मिनिटं. सगळे गोल बसतात, एक प्रश्न ठेवला जातो आणि प्रत्येकजण दोन मिनिटांपर्यंत बोलतो. कुणी कुणाला खोडून काढत नाही. आधीच्याच्या बोलण्यात भर घालतो किंवा नवी बाजू मांडतो. सल्ला देत नाही. ज्याला बोलायचं नाही तो ‘पुढे’ म्हणतो, त्याला कारण विचारत नाहीत.

प्रश्न कसा विचारला यावर अर्धी बैठक अवलंबून असते. ‘तुमचा अहंकार तुम्हाला कुठे आडवा येतो?’ हा प्रश्न नको. तिसऱ्या माणसापर्यंत ती कबुलीजबाबांची शर्यत होते, कोण अधिक प्रामाणिक याची. त्याऐवजी ‘आज वाचलेल्यातलं कोणतं वाक्य आपल्या गटाला या आठवड्यात धरता येईल, आणि ते कसं?’ असं विचारा. सगळ्यांची नजर ‘मी’वरून ‘आपण’वर जाते.

शेवटची दहा मिनिटं व्यवस्थेची: कोण आजारी आहे, पुढच्या वेळी कोण तयारी करणार, चहा कुणाकडे. ती शेवटीच हवीत.

मित्रांचे दोष दिसतातच. त्याचं काय करायचं?

दिसणारच. रबाश यांचं उत्तर सुरुवातीला अशक्य वाटतं: स्वतःला गटात सगळ्यात लहान समजा आणि मित्राला त्याच्या ध्येयाच्या बाजूने मोठं. दोष नाकारायचा नाही. तो दिसतोय, आणि तरीही बुद्धीच्या वर जाऊन या माणसातही माझ्याइतकीच ओढ आहे हे धरून चालायचं. कुणाकडून शिकायचं तर तो आपल्यापेक्षा मोठा वाटायला हवा. लहान वाटणाऱ्याकडून काही उतरत नाही.

व्यवहारात एक छोटी गोष्ट उपयोगी पडते. बैठकीपूर्वी गटातल्या एका मित्राचं नाव घ्या आणि गेल्या आठवड्यात त्याने गटासाठी केलेली एक ठोस गोष्ट आठवा. खुर्च्या मांडल्या, वेळेवर आला, आजाऱ्याला फोन केला, काहीही. आठवेपर्यंत दाराच्या आत जाऊ नका.

हा नियम गैरवर्तनाला लागू नाही. पैशाची अफरातफर, धमकी, लगट, शिवीगाळ यांच्या बाबतीत ‘माझीच नजर दोषी’ असं म्हणणं धोक्याचं आहे. तिथे थेट बोलायचं, गरज पडली तर कायद्याकडे जायचं.

मित्राला नेमकं काय द्यायचं?

प्रत्येकाची गरज वेगळी असते, पण रबाश यांच्या मते एक गोष्ट सगळ्यांनाच लागते: उमेद. मनाने खचलेला माणूस अभ्यासही करत नाही आणि देतही नाही. म्हणून उत्साह घेऊन येणं हे गटातलं पहिलं देणं आहे. स्वतः खचलेले असाल तर तसा चेहरा निदान दारात सोडा. हा ढोंगीपणा वाटतो खरा, पण सवयीने यातलं बरंचसं खरं होत जातं.

गट सहसा कशाने बिघडतात?

सगळ्यात आधी, परार्थ स्वतः करण्याऐवजी दुसऱ्याकडून मागितला जातो. ‘तू अहंकारी आहेस’ हे वाक्य गटात ऐकू आलं की समजावं, शास्त्र उलटं धरलंय. अहंकार ओळखायचा तो फक्त स्वतःचा. दुसऱ्याचा अहंकार दाखवून देणं हे अहंकाराचं सर्वांत आवडतं काम आहे, आणि इथे त्याला हिब्रू शब्दांची धारही मिळालेली असते.

दुसरा प्रकार शांतपणे घडतो. एक माणूस सगळं करतो: खोली उघडतो, पानं छापतो, आठवण करतो, भांडी घासतो. बाकीचे त्याचं कौतुक करतात. वर्षभराने तो एक दिवस कडवट होऊन निघून जातो आणि सगळ्यांना धक्का बसतो. कामं फिरती ठेवा, दर चार आठवड्यांनी. जो सगळं स्वतःकडे ओढतो त्याच्याकडून हक्काने काढून घ्या. त्याने दुसऱ्यांची द्यायची संधी अडवली आहे.

मग कंपू. बैठक झाल्यावर तिघंच जेवायला जातात, तिथे बैठकीतल्या गोष्टी परत चघळल्या जातात. काही न करता हे थांबत नाही. महिन्यातून एकदा सगळ्यांचं जेवण ठरवणं हा सोपा उपाय आहे.

फोनवरच्या गटात दिवसाला चाळीस सुविचार येऊ लागले तर बैठकीतलं बोलणं पातळ होतं. दिवसाला एक उतारा, त्याखाली हवं तर प्रत्येकाचं एक वाक्य, इतकंच ठेवा.

गटात आल्यापासून मी जास्तच चिडचिडा झालोय. उलटं चाललंय का?

बहुधा नाही. याला ‘वाईटाची ओळख’ म्हणतात. आधीही चिडचिड होतीच, पण तिला नावं वेगळी होती: तत्त्व, स्पष्टवक्तेपणा, शिस्त. आता ती उघडी दिसते. ‘मी सुधारतोय’ असं सतत वाटणाऱ्या विद्यार्थ्याची काळजी जास्त करावी.

पण सीमा ओळखा. झोप उडाली, जेवण तुटलं, जगण्यात अर्थ वाटेना, असं दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांकडे जा. त्याला अध्यात्मिक अवस्था म्हणून अंगावर काढू नका, आणि गटातल्या कुणी तसं सुचवलं तर ऐकू नका.

प्रगती कशी ओळखायची?

स्वप्नं, प्रकाश, योगायोग यांवरून नाही. पडल्यावर किती लवकर उठता, हे बघा. पूर्वी गटातल्या एका टोमण्याने आठवडाभर बैठक टाळत होता आणि आता दोन दिवसांत परत येता, तर काही बदललं आहे. मित्राला यश मिळाल्यावर पोटात होणारी कळ किती वेळ टिकते, हेही चांगलं माप आहे.

लाल दोरा, गेमात्रिया, टॅरो यांचं काय?

दृष्ट लागू नये म्हणून मनगटावर बांधायचा लाल दोरा ही लोकश्रद्धा. या अभ्यासात तिला काम नाही. टॅरोशी जोडलेली कबाला ही युरोपातल्या ख्रिस्ती आणि गुप्तविद्येच्या वर्तुळांत वाढलेली वेगळी शाखा. पिको देल्ला मिरांदोला यांनी १४८६ मध्ये आपल्या प्रबंधांत कबाला घेतली तिथपासून ती फुटत गेली. गेमात्रिया, म्हणजे हिब्रू अक्षरांच्या संख्यांची बेरीज करून अर्थ शोधणं, मात्र खरीच परंपरेतली. ‘अहावा’ म्हणजे प्रेम आणि ‘एखाद’ म्हणजे एक, दोन्हींची बेरीज १३ येते, आणि दोन्ही मिळून २६, जी चार अक्षरी देवनामाची संख्या. आकडे सुंदर आहेत. त्यांवरून लॉटरीचा नंबर काढणाऱ्यापासून लांब राहा.

नोकरी, संसार सोडावा लागतो का?

नाही. आश्लाग परंपरेत संन्यास नाही. माणसाने काम करावं, कुटुंब सांभाळावं असाच रोख आहे. घरच्यांना ओढून आणू नका. दिवसभर कबालाच्या गप्पा मारणारा घरात कुणाला आवडत नाही.

पैशांचं काय?

उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याची ‘मासेर’ ही ज्यू परंपरेतली जुनी प्रथा. काही गट ती पाळतात. तुमच्या गटात असेल तर जमाखर्च महिन्याला सगळ्यांसमोर यावा, व्यवहारावर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि न देणाऱ्याला फेरीत तीच दोन मिनिटं मिळावीत. देणगीच्या बदल्यात आशीर्वाद, रोगमुक्ती किंवा ‘वरचा’ वर्ग देऊ करणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

ही विद्या फक्त गटापुरती आहे की समाजासाठीही?

आश्लाग यांना समाजच डोळ्यांसमोर होता. ‘हाशालोम’मध्ये त्यांनी सोव्हिएत रशियातला प्रयोग तपासला आणि वरून लादलेली समता टिकत नाही, कारण माणसाला दुसऱ्यासाठी राबायला लागणारं इंधन कुठून येणार याचं उत्तर तिच्यात नाही, असं मांडलं. १९४० मध्ये त्यांनी ‘हाउमा’ हे वर्तमानपत्र काढलं. एकच अंक निघाला. ब्रिटिश प्रशासनाने ते बंद केलं. आपल्या छोट्या गटाने मात्र लगेच जग सुधारायला निघू नये. दहा जणांत वर्षभर अरवुत टिकवून दाखवा, मग बोलू.

शिक्षक किंवा संस्था कशी पारखावी?

तीन महिने नुसते जा, सभासद होऊ नका. शिक्षक कोणत्या मजकुरावर बोलतो ते बघा, आणि तो मजकूर तुम्ही स्वतः उघडून ताडून बघता तेव्हा त्याला चालतं का. सोडून गेलेल्यांबद्दल तिथे काय बोललं जातं हे ऐका. जुन्या सभासदांच्या घरी शक्य झाल्यास डोकावा: त्यांचे बाहेरचे मित्र टिकले आहेत का, मुलं त्यांच्याशी बोलतात का. ‘इथून बाहेर पडलास तर तुझ्या आत्म्याचं नुकसान होईल’ हे वाक्य कोणत्याही रूपात आलं तर तुमची चौकशी तिथेच पूर्ण झाली.

गट सोडायचा असेल तर?

बैठकीत सांगा, मागून निरोप पाठवू नका. तुमच्याकडची कामं दोन आठवड्यांत दुसऱ्याकडे सोपवा, पुस्तकं परत करा, फेरीत मित्रांनी सांगितलेल्या खाजगी गोष्टी बाहेर बोलू नका. राहणाऱ्यांनी त्याला थांबवायला रात्री उशिरा फोन करू नयेत. कारण विचारावं, एकदाच, आणि ऐकून घ्यावं. तो सहा महिन्यांनी परतला तर पुन्हा आधीच्या खुर्चीवर बसू द्यावं, आणि मधल्या काळाचा हिशेब मागू नये.